साडेएकोणीस इंच

एकोणीसशे एकोणऐंशी सालच्या डिसेंबरात, एका शनिवारी सकाळी, माझे सासरे आत्माराम राऊळ आपली बंदूक जमा करायला तालुक्याच्या पोलीस ठाण्यात गेले आणि त्यांच्याबरोबर मी गेले. जानेवारीत लोकसभेची निवडणूक होती. निवडणूक आली की शेतीच्या राखणीसाठी परवाना मिळालेल्या सगळ्या बंदुका ठाण्यात जमा करायच्या आणि निकाल लागला की परत आणायच्या, असा आमच्याकडचा शिरस्ता. आबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, म्हणून कागद वाचायला मी. मी सातवी पास होते. त्या घरात वाचता येणारा दुसरा माणूस म्हणजे माझा नवरा, आणि तो गोव्यात खनिजाच्या बार्जवर खलाशी होता. महिन्यातून एकदा यायचा.

ठाण्याच्या पडवीत तीस-चाळीस माणसं भिंतीला बंदुका टेकवून बसली होती. कुणाची ठासणीची, कुणाची काडतुसाची. प्रत्येकीला सुतळीने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली. जत्रेत भेटावं तशी माणसं एकमेकांची चौकशी करत होती, तंबाखू देत-घेत होती. शेजारच्या गावचा एक जण आबांची बंदूक बघून मोठ्याने म्हणाला, "आत्मारामा, बंदुकीचा जावळ काढलंस काय रे? बरीच आखूडली ती!"

"म्हातारी झाली ती," आबा म्हणाले. "माणूस वाकता, बंदूक आखूडता."

सगळी पडवी हसली. मीही हसले.

दारात नवे फौजदार उभे होते. शिंगटे त्यांचं नाव. घाटावरचे, जेमतेम तिशीचे, आमच्याकडे येऊन त्यांना दोन महिनेसुद्धा झाले नव्हते. ते हसले नाहीत.

"कुणाची बंदूक ती? आत आणा."

आत त्यांनी बंदूक टेबलावर आडवी ठेवली, परवाना मागितला. मी पिशवीतून काढून दिला. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं आणि मला विचारलं, "वाचता येतं? वाचा."

"नळीची लांबी, तीस इंच."

त्यांनी लोखंडी टेप काढला. एकदा मोजलं, पुन्हा मोजलं, मग तावडे हवालदारांना मोजायला लावलं. तावडे आमच्याच बाजूचे, केस पिकलेले, निवृत्तीला आलेले. ते टेपावर वाकले आणि हळूच म्हणाले, "साडेएकोणीस, साहेब."

"आजोबा," फौजदार म्हणाले, "नळी कापली, हाच मुळात गुन्हा. त्यात वीस इंचांच्या आतली नळी म्हणजे मनाईचं हत्यार. लुगड्यात लपवून नेता येतं असलं. कलेक्टरसाहेबसुद्धा त्याचा परवाना देऊ शकत नाहीत. तीन वर्षं आत बसाल. कुणी कापली?"

मला वाटलं, आता आबा सांगतील आणि हे संपेल. कारण घडलं होतं ते सगळ्या वाडीला ठाऊक होतं. अठ्ठ्याहत्तरच्या भाद्रपदात माकडांनी नारळांचा नायनाट चालवला होता. आबा बंदूक ठासून पडवीच्या खुंटीला टांगून ठेवायचे, पाहिजे तेव्हा हाताशी असावी म्हणून. पाऊस लागून राहिला, दहा-बारा दिवस बंदूक तशीच टांगलेली राहिली, आणि कुंभारीण माशीने नळीच्या तोंडात आत मातीचं घर बांधलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. उघडीप पडताच आबांनी बार काढला आणि नळीचं तोंड केळफुलासारखं उलगडलं. आबांच्या कानाला दडा बसला, बाकी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी ते बंदूक घेऊन जयराम मेस्त्रींकडे गेले. मेस्त्री आमच्या गावचे लोहार. त्यांनी फाटलेली नळी, खाली जिथवर तडा गेला होता तिथवर करवतीने कापली, तोंड कानशीने घासून गोल केलं आणि नेम धरायला नळीच्या टोकाशी असतो तो लोखंडी मणी, त्याला माशी म्हणतात, तो पितळेने पुन्हा डकवून दिला. फाळ झिजला की टोक काढायचं, कोयत्याची मूठ फुटली की बदलायची, तसंच ते. असल्या कामाला कागद लागतो हे मेस्त्रींना माहीत नव्हतं, आबांना नव्हतं, आम्हां कुणालाच नव्हतं.

आबांनी आपले धुरकट डोळे फौजदारांच्या आवाजाकडे वळवले.

"सायब, नळी पयल्यापासून तेवढीच आसा," ते म्हणाले. "माझ्या बापाशीची बंदूक. परवानो माझ्या नावार करताना कारकुनान मोजल्यानच नाय. सगळ्यांची तीस, म्हणान माझी पण तीस."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. सात वर्षं मी त्या घरात होते, या माणसाला खोटं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. वाटलं, म्हातारा घाबरला.

"मंजू, तुका ठावक आसा ना?" आबांनी विचारलं.

मी मान खाली घालून हातातल्या पिशवीची घडी घातली. फौजदारांनी माझ्याकडे बघितलं, नळीच्या तोंडावरून अंगठा फिरवला. वर्षभराचा गंज चढून ते तोंड जुन्यासारखंच दिसत होतं.

"ठीक आहे," ते म्हणाले. "तुमच्या वडिलांच्या नावची जुनी नोंद जिल्ह्याहून मागवतो. त्यात काय लांबी आहे बघू. तोवर इथेच बसायचं."

अटक म्हणून कुठे लिहिलं नाही. पडवीच्या आतल्या बाकावर बसवून ठेवलं, एवढंच. मी एकटी एस.टी.ने परत आले.

सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. सूप खाली ठेवून त्या उठून उभ्या राहिल्या.

"ह्येंनी कोणाक मारल्यानी? माकड तरी मारल्यानी काय कधी? आवाज करूक बंदूक ती!"

"आये, तीन वर्सां म्हणतत."

"तीन वर्सां?" त्या म्हणाल्या. "तीन म्हयने तरी जगतले काय ते थंयसर? डोळ्यांनी दिसना नाय, रात्रीचा परसाकडे न्हेवक लागता हात धरून." मग माझा दंड धरून त्या मला गदागदा हलवू लागल्या. "तू शिकलेली मा? मग काय तरी कर गो! काय तरी कर!"

नवऱ्याला तार केली, पण बार्ज नदीत कुठे असेल देव जाणे. वाडीतले पुरुष म्हणाले, पोलिसांच्या कामात आम्ही काय बोलणार. कालपर्यंत ज्यांच्या बागेवरची माकडं आबांनी हाकलली होती, तेच.

रविवारी सकाळी भाकरी आणि कुळथाची पिठी घेऊन मी ठाण्यात गेले. आबा बाकावर ताठ बसले होते. अंगावर कालचंच धोतर. शेजारी तावडे हवालदार वर्तमानपत्र वाचत होते. मी भाकरीचे तुकडे करून आबांच्या हातात देत गेले.

"आबा, खरा काय ता सांगून टाका ना," मी हलक्या आवाजात म्हटलं.

आबा चावायचे थांबले. "खरा ताच सांगितलंय. पयल्यापासून तेवढीच."

"पण..."

"घराकडे बस," ते एकदम कडक आवाजात म्हणाले. "खंय फिरू नको. कोणाक काय इचारू नको. कळला?"

आबा माझ्यावर कधी आवाज चढवत नसत. मला रडू आलं. डबा गुंडाळून मी बाहेर आले, तर तावडे हवालदार मागोमाग पायरीपर्यंत आले.

"मुली, रडू नको," ते म्हणाले. "साहेब तापट आहेत, पण वाईट नाहीत. नळी फुटली म्हणून कापली, असंच ना?"

मी मान हलवली.

"मग तो फुटका तुकडा आण. फुटलेलं तोंड डोळ्यांनी दिसलं की साहेबांना पटेल, दरोड्यासाठी नव्हे कापली. लोखंड खोटं बोलत नाही बघ."

हे त्यांनी दया येऊन सांगितलं की साहेबांनी सांगायला लावलं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. त्या क्षणी मात्र मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. करण्यासारखं काहीतरी सापडलं होतं.

बसमधून उतरले ती घरी न जाता थेट मेस्त्रींच्या दारात गेले. दुपार टळली होती. भाता बंद होता, भट्टीत राख. मागच्या बाजूने चुलीचा धूर येत होता म्हणून तिकडून गेले. मेस्त्रींची बायको, भामावैनी, ओल्या लाकडांशी झगडत चुलीपुढे बसली होती. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. माझ्या दोन्ही बाळंतपणांत तिनेच मला न्हाऊ घातलं होतं.

"ये गो, बस. भावजींका सोडल्यानी?"

"नाय वैनी. मेस्त्री खंय आसत?"

"वयल्या वाडीत गेलेत, रहाटाचो कणो बसवूक. सांजेक येतले. तू आधी पाणी पी. तोंड बघ कसा झाला तुझा."

मी पाणी प्यायले नाही. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं आणि विचारलं, "वैनी, तो कापलेलो तुकडो मेस्त्रींनी खंय टाकल्यानी?"

ती माझ्याकडे बघून हसली.

"टाकतीत कशाक? लोखंड कोण टाकता काय? हो बघ." आणि तिने हातातली फुंकणी वर धरली. "पाकळये ठोकून बसवल्यानी, तांब्याची तार गुंडाळल्यानी, आणि माका फुंकणी करून दिल्यानी. वर्स झाला फुकतंय."

मी ती हातात घेतली. गरम होती. तारेच्या वेढ्यांमधून फुटलेल्या नळीचे ओठ दिसत होते, आणि एका बाजूने खालपर्यंत गेलेला केसाएवढा तडा.

"वैनी, माका ही होई."

"ने."

"मेस्त्रींका इचारूक नको?"

"तेंका काय इचारतलंस? ते काय नाय म्हणतले? आत्मारामभावजी आणि ते एका पानात जेवलेले." तिने पदराने फुंकणीची काजळी पुसून दिली. "माझी चूल काय, करवंटेन वारो घालीन. माणूस सुटाक होयो. ने गो बाय, आणि बेगीन जा."

दारापर्यंत ती माझ्याबरोबर आली. वाटेत खायला म्हणून दोन केळी माझ्या ओटीत टाकली.

सोमवारी पहिल्या गाडीने मी ठाण्यात पोचले. फुंकणी टॉवेलात गुंडाळून छातीशी धरली होती. गाडीत एका बाईने तान्हं मूल समजून विचारलंसुद्धा, मुलगा की मुलगी, "झील काय चेडू?" मी हसून म्हटलं, "म्हातारो." तिला काय कळणार. किती दिवसांनी मी हसले होते, म्हणजे तसे दोनच दिवस झाले होते, पण मला ते महिन्यासारखे वाटत होते.

फौजदार नुकतेच खुर्चीत बसले होते. आबांना समोर आणून उभं केलं होतं. मी कुणी विचारायची वाट न बघता टॉवेल सोडला आणि तुकडा टेबलावर ठेवला.

"साहेब, हे बघा. नळी फुटली होती. माशीने घर केलं होतं आत. आबांनी मुद्दाम नाही कापली, फुटकं तोंड काढलं फक्त. तार सोडून बघा, तुम्हाला दिसेल."

फौजदारांनी तुकडा उचलला, पक्कडीने तांब्याची तार सोडली. पाकळ्या सुट्या झाल्या. त्यांनी त्या नीट बघितल्या, तड्यावरून नख फिरवलं. वाटलं, पटलं त्यांना.

मग त्यांनी कपाटातून आबांची बंदूक काढायला लावली. ती टेबलावर ठेवली आणि तुकड्याची कापलेली बाजू तिच्या तोंडाला लावून धरली. करवतीची धार जिथे जराशी तिरपी गेली होती, तिथे ती दोन्हीकडे सारखीच तिरपी होती. त्यांनी टेप लावला.

"तीस," ते म्हणाले. "बरोबर तीस."

आबांना दिसत नव्हतं. पण लोखंडावर लोखंड टेकल्याचा आवाज त्यांनी ऐकला असावा. त्यांनी विचारलं, "मंजू, तू काय हाडलंस?"

"बाई," फौजदार म्हणाले, "कुठे मिळाला हा?"

"मंजू, गप," आबा म्हणाले.

पण मी बोलून चुकले होते. शाळेत गुरुजींनी विचारावं आणि उत्तर येत असावं, तशी मी बोलले होते. "जयराम मेस्त्रींच्या घरी. भामावैनीने दिला."

तावडेंनी आबांना धरून स्टुलावर बसवलं.

"जयरामाचो काय संबंध नाय," आबा म्हणाले. आता त्यांचा आवाज अगदी म्हाताऱ्याचा झाला होता. "मी कापली, सायब. माझ्या हातान. माका काय ता करा."

"या डोळ्यांनी? आणि पितळेचा डाग दिलाय तो? तुम्ही लोहार कधी झालात, आजोबा?" फौजदार ओरडले नाहीत. दमल्यासारखे बोलले. "कापून घेणाराही आरोपी, कापणाराही आरोपी. तावडे, दोन पंच बोलवा. बाईंची सही घ्या, तुकडा यांनीच हजर केला म्हणून."

माझी सही चांगली होती. वळणदार.

दुपारी जीप आमच्या गावात गेली. मेस्त्री भट्टी पेटवून कुणाची तरी कुदळ शेवटत, म्हणजे तिला नवं टोक काढत होते, असं मागाहून कळलं. हातातली कुदळ पुरी करू द्या म्हणाले, तेवढं त्यांना करू दिलं. संध्याकाळी त्यांना ठाण्यात आणलं तेव्हा मी पायरीवरच बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "आत्माराम जेवलो काय गो?"

दोघांना जामीन मिळायला अकरा दिवस लागले. जामिनाच्या दिवशी आमचे वकील, केळुसकर म्हणून होते, मला कोर्टाच्या आवारातल्या आंब्याखाली बाजूला घेऊन म्हणाले, "जिल्ह्याहून जुन्या नोंदीची नक्कल आलीय, परवा. तुमच्या आजेसासऱ्यांच्या परवान्यात लांबीची जागा कोरी आहे. त्या काळी लिहीतच नसत. तुमचे सासरे म्हणाले ते खोटं आहे, असं जगात कुणालाही सिद्ध करता आलं नसतं."

"म्हणजे?"

"म्हणजे चूक कारकुनाची ठरून बंदूक जप्त झाली असती आणि माणूस घरी आला असता. लोहाराचं तर नावसुद्धा निघालं नसतं. म्हातारा शहाणा होता हो, बाई. त्याला पहिल्या मिनिटाला कळलं होतं, लोहाराचं नाव घेतलं की दोघेही बुडणार. तो तुकडा आणायला कुणी सांगितलं तुम्हाला?"

मला आबांचे शब्द आठवले. घरी बस, कुणाला काही विचारू नको. हवालदार शेजारी बसलेला असताना आबा याहून जास्त काय सांगू शकत होते?

त्या संध्याकाळी मी आबांचा हात धरून बसथांब्यावरून घरी निघाले. ओढा ओलांडल्यावर ते म्हणाले, "तुझो काय दोष नाय. तुका सांगूक माका येळच गावलो नाय."

मी रडू लागले तसा त्यांनी माझा हात दाबला. थोडं चालून पुन्हा म्हणाले, "पण जयरामाच्या दारावरना नको. वयल्या वाटेन जावया."

वरची वाट दीड मैल लांब होती. त्यानंतर आबा जगले तोवर आम्ही त्याच वाटेने गेलो-आलो.

फौजदार शिंगटेंची पुढच्याच वर्षी बदली झाली. कुठे गेले ते कळलं नाही. तावडे हवालदार निवृत्त होऊन आपल्या गावी गेले. एकदा बाजारात दिसले होते, मला बघून त्यांनी रस्ता ओलांडला.

आबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंच नाही. कोर्टाच्या तारखांत ते राहून गेलं. ब्याऐंशीच्या मे महिन्यात ते गेले, आणि त्यांच्यापुरता खटला बंद झाला. सासूबाई त्यांच्यामागून वर्षभरात गेल्या. माझा नवरा पुढे बार्ज सोडून गावी आला, बाग त्यानेच राखली, फटाके लावून. बंदुकीचा परवाना आमच्या घरात पुन्हा कुणी मागितला नाही.

मेस्त्रींचा खटला चौऱ्याऐंशी साली उभा राहिला. मी सरकारी पक्षाची साक्षीदार होते. तो तुकडा, गळ्यात लाखेचं सील अडकवलेला, माझ्यापुढे धरून वकिलांनी विचारलं, हाच का तो? मी शपथ घेऊन सांगितलं की मी हा कधी बघितलेला नाही. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच सांगितलं. मग त्यांनी पंचनाम्यावरची माझी सही वाचून दाखवली. न्यायाधीशांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि लिहून घेतलं की या बाईवर विश्वास ठेवता येत नाही. पंचनामा मात्र खरा धरला, आणि जयराम मेस्त्रींना सहा महिन्यांची शिक्षा झाली. सुटून आले तेव्हा त्यांचा उजवा हात कापत होता. ते गोव्यात डिचोलीकडे एका वर्कशॉपात राखणदार म्हणून राहिले आणि तिथेच वारले. आमच्या गावात पुन्हा भट्टी पेटली नाही. फाळ शेवटायला लोक बाजारात जाऊ लागले.

भामावैनी दोन हजार चार सालापर्यंत होती. मेस्त्रींना शिक्षा झाली त्या दिवशी कोर्टातून मी तिच्याकडे गेले, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच खालच्या वाटेने. ती मागच्या अंगणात काजू वाळत घालत होती. मी तिच्या पायांशी बसले. तिने कितीतरी वेळ माझ्याकडे बघितलं नाही. एकेक काजू उलटत राहिली. मग म्हणाली, "तू मागलंस, मी दिलंय. काजळीसुद्धा मीच पुसलंय. उठ आता, भाकरी खा."

मी खाल्ली.